फंक्शन-ट्रेसिंगच्या वेळी कर्नल कोणती रजिस्टर्स जपतो आणि कोणती नाही?

उंबरठा (धागाकर्ता)

लिनक्स कर्नलमधील फंक्शनांचा माग काढणाऱ्या एफट्रेस यंत्रणेवर आधारलेले एक छोटे मॉड्यूल मी गेले काही दिवस लिहीत आहे. 'व्हीएफएस_रीड' हे फाइल वाचणारे फंक्शन सुरू होताच माझा कॉलबॅक, म्हणजे मी नोंदवलेले फंक्शन, चालावा आणि त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टर्समध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या साठवणजागांमध्ये, काय आहे ते त्याने नोंदवावे, एवढाच उद्देश आहे. यंत्र एक्स८६-६४ असून कर्नल ६.६ मालिकेतील आहे.

कॉलबॅकला चौथा आर्ग्युमेंट म्हणून 'एफट्रेस_रेग्ज' या रचनेचा पॉइंटर मिळतो. त्यावरून पूर्ण 'पीटी_रेग्ज', म्हणजे सर्व रजिस्टर्सच्या किमतींची रचना, मिळवण्यासाठी मी 'एफट्रेस_गेट_रेग्ज' वापरले, तेव्हा हाती नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, आला. हेडर फाइल उघडून पाहिली, तर 'एफट्रेस_रेग्ज'च्या पोटात 'पीटी_रेग्ज' सरळ बसवलेले दिसले, म्हणून ते फंक्शन बाजूला ठेवून मी आतल्या रचनेचा पत्ता थेट घेतला. आता आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स आणि आरसीएक्स यांच्या किमती अगदी बरोबर येतात. किती बाइट वाचायचे तो आकडा आरडीएक्समध्ये दिसतो आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने मागितलेल्या आकड्याशी तो जुळतोही. आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ यांच्या जागी मात्र दर वेळी काहीतरी भलतेच असते. कधी शून्य दिसते, तर कधी कर्नलच्या कोडमधला वाटावा असा एखादा पत्ता येतो आणि तोच पुढच्या दहा ओळी टिकतो.

रचना एकच असताना तिची अर्धी घरे खरी आणि अर्धी खोटी, हे कसे काय?

जुना_स्टॅक

तुम्हाला मिळालेला नल हेच बरोबर उत्तर होते. ते डावलून तुम्ही आत शिरलात आणि कोणी लिहिलेच नव्हते ते वाचलेत. असे का होते हे समजण्यासाठी फंक्शनच्या पहिल्या पाच बाइटांपासून सुरुवात करावी लागेल.

एक्स८६-६४ वर कर्नल बांधताना कंपायलरला असा पर्याय दिलेला असतो की ट्रेस करता येण्याजोग्या प्रत्येक फंक्शनच्या अगदी आरंभी, स्टॅकवर काहीही ढकलले जाण्यापूर्वी, 'एफएन्ट्री'ला एक कॉल घातला जावा. ही सूचना पाच बाइटांची असते. त्यांपैकी एक बाइट कॉलचा आणि उरलेले चार अंतराचे. कर्नल सुरू होईपर्यंत या सर्व जागी पाच बाइटांची निष्क्रिय सूचना लिहिलेली असते, त्यामुळे ट्रेसिंग बंद असताना जवळपास काहीच खर्च येत नाही. एखाद्या फंक्शनवर कॉलबॅक नोंदवला की तेवढ्याच जागेवर पुन्हा कॉल लिहिला जातो आणि तो एका ट्रॅम्पोलिनकडे, म्हणजे असेंब्लीत लिहिलेल्या एका छोट्या तुकड्याकडे, जातो.

हा कॉल नेहमीच्या कॉलसारखा नाही. सामान्यतः एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले की दोघांमध्ये ठरलेला एक करार लागू होतो. काही रजिस्टर्स बोलावणाऱ्याने स्वतः सांभाळायची असतात, कारण बोलावलेला ती बिनदिक्कत वापरणार असतो, आणि काही बोलावलेल्याने जशीच्या तशी परत द्यायची असतात. येथे मात्र 'व्हीएफएस_रीड'ला ज्याने बोलावले त्याने आर्ग्युमेंट्स रजिस्टर्समध्ये भरून ठेवली आहेत, 'व्हीएफएस_रीड'च्या शरीराने ती अजून हातात घेतलेली नाहीत, आणि नेमका या दोहोंच्या मध्ये आपला कॉल घुसला आहे. या कॉलमुळे काही बदलणार नाही असे कंपायलरने गृहीत धरले आहे. तेव्हा रजिस्टर्स जपण्याचा सगळा भार ट्रॅम्पोलिनवर येतो.

म्हणून साधा ट्रॅम्पोलिन, ज्याचे नाव 'एफट्रेस_कॉलर' आहे, आर्ग्युमेंट्सची सहा रजिस्टर्स जपतो: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९. आरएएक्सही तो जपतो, कारण आर्ग्युमेंट्सची संख्या निश्चित नसलेल्या फंक्शनांना बोलावताना त्याच्या खालच्या बाइटमध्ये माहिती ठेवण्याचा करार आहे. आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ यांना तो हात लावत नाही, कारण ती जशीच्या तशी परत देण्याची जबाबदारी सी भाषेतील तुमच्या कॉलबॅकवर आहे आणि कंपायलर ती आपोआप पार पाडतो. म्हणजे ही रजिस्टर्स सुरक्षितच राहतात, फक्त त्यांची किंमत 'पीटी_रेग्ज'मध्ये कोणी उतरवून ठेवत नाही. जागा पूर्ण रचनेची राखलेली असते, २१ घरे गुणिले ८ म्हणजे १६८ बाइट, पण भरली जातात निवडक घरे. उरलेल्या घरांत त्या स्टॅकवर आधी चालून गेलेल्या कुठल्यातरी फंक्शनचा गाळ असतो. दहा ओळी टिकलेला तुमचा पत्ता हा तो गाळ.

'एफट्रेस_गेट_रेग्ज'ला हे कळते कसे, तेही सांगतो. साधा ट्रॅम्पोलिन सीएसच्या घरात मुद्दाम शून्य लिहितो, आणि पूर्ण नोंद करणारा त्या घरात कर्नलच्या कोड सेगमेंटची किंमत लिहितो, जी कधीच शून्य नसते. ते फंक्शन तेवढे एक घर पाहते आणि शून्य असेल तर नल देते. मला ही युक्ती फार आवडते, कारण वेगळा झेंडा न उभारता रचनेतलेच एक घर साक्षीला उभे केले आहे.

तुम्हाला सगळी रजिस्टर्स खरोखर हवी असतील, तर नोंदणीपूर्वी 'एफट्रेस_ऑप्स'च्या फ्लॅग्जमध्ये 'सेव्ह_रेग्ज' मागा. मग कॉल 'एफट्रेस_रेग्ज_कॉलर' या दुसऱ्या ट्रॅम्पोलिनकडे वळतो.

शून्याधारित

वरील प्रतिसादात आर१० आणि आर११ यांचा उल्लेख राहून गेला, आणि माझी शंका नेमकी तेथेच आहे. करारानुसार ही दोन्ही बोलावणाऱ्याने सांभाळायची, त्यामुळे ती बिघडली तरी चालते, हे मान्य आहे. पण जीसीसी या कंपायलरमध्ये असे एक ऑप्टिमायझेशन आहे की बोलावलेले फंक्शन त्याच फाइलमधील असेल आणि ते आर११ वापरतच नाही हे कंपायलरला दिसत असेल, तर बोलावणारा आपली किंमत करार बाजूला ठेवून आर११ मध्येच राहू देतो. अशा वेळी मध्ये घुसलेल्या ट्रेसरने आर११ वापरले तर बोलावणाऱ्याची किंमत गुपचूप नष्ट होईल. साधा ट्रॅम्पोलिन हे रजिस्टर जपत नाही. मग कर्नल आजवर कोसळला कसा नाही?

जुना_स्टॅक

शंका रास्त आहे. प्रोफाइलिंगसाठीचा 'पीजी' पर्याय दिला असेल तर जीसीसी हे ऑप्टिमायझेशन स्वतःहून बंद करते, आणि त्याच्या दस्तऐवजातही तसे नमूद आहे. एक्स८६ वरील 'एफएन्ट्री' हा त्याच पर्यायाचा उपप्रकार असल्यामुळे कर्नलला त्याचे संरक्षण मिळते. 'अमुक रजिस्टर जपण्याची गरज नाही' हे विधान ट्रॅम्पोलिन वाचून सिद्ध होत नाही, ते कंपायलरने दिलेल्या हमीवर उभे असते. ती हमी उद्या बदलली, तर असेंब्लीचा एकही बाइट न बदलता तो ट्रॅम्पोलिन चुकीचा ठरेल.

घरचा_कर्नल

जपायचे रजिस्टर विसरले तर काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे, म्हणून तो येथे मांडतो. शिकण्यासाठी मी एक लहानसा कर्नल लिहीत होतो आणि त्यात याच पद्धतीचा ट्रॅम्पोलिन हाताने लिहिला होता. त्यात मी आरडीआयपासून आर८ पर्यंत पाच रजिस्टर्स ढकलली आणि आर९ राहून गेले. चूक आठवडाभर लक्षात आली नाही, कारण सहा आर्ग्युमेंट्स घेणारे फंक्शन माझ्या कर्नलमध्ये एकच होते, मेमरी मॅप करणारे, आणि माझा कॉलबॅक इतका साधा होता की त्याच्या तयार कोडमध्ये आर९ चा वापरच होत नव्हता.

मग एके दिवशी मी कॉलबॅकमध्ये आणखी एक छापणारी ओळ घातली. तिच्यासाठी कंपायलरने आर९ घेतले, आणि फाइल मॅप करताना ऑफसेट म्हणून कचरा जाऊ लागला. ट्रेसिंग बंद केले की दोष नाहीसा व्हायचा, छापणारी ओळ काढली तरीही नाहीसा व्हायचा. दोष शोधण्यासाठी घातलेली ओळच दोष घडवते आहे, हे मानायला मन तयार होईना. शेवटी ट्रॅम्पोलिनमधील ढकललेली रजिस्टर्स आणि कॉलबॅकच्या डिसअसेंब्लीत वापरलेली रजिस्टर्स अशा दोन याद्या कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा आर९ एका यादीत होते आणि दुसऱ्यात नव्हते. हा उपाय आजही मी कोणालाही सुचवीन, कारण डिबगर लावून ते दिसत नव्हते.

उंबरठा

सर्वांचे आभार. 'सेव्ह_रेग्ज' मागितल्यावर एक्स८६ वर आरबीएक्सच्या किमती बदलत्या आणि सुसंगत येऊ लागल्या आहेत.

आता दोन प्रश्न उरले. पहिला असा की हे सगळ्यांसाठीच का करत नाहीत? आणखी सात-आठ रजिस्टर्स लिहिण्याने असा किती फरक पडणार? दुसरा प्रश्न असा की तेच मॉड्यूल मी ६४-बिट आर्म बोर्डावर, ६.६ च्या कर्नलवर, चढवले तेव्हा नोंदणीच अयशस्वी झाली आणि वजा २२, म्हणजे अवैध आर्ग्युमेंट, असा निकाल मिळाला. कोड तोच आहे.

काटकसर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एकाच फंक्शनवर कॉलबॅक असेल तर फरक पडत नाही, हे खरे आहे. पण एफट्रेसचा मूळ उपयोग सगळ्या कर्नलमधील फंक्शनांचा माग एकाच वेळी काढणे हा आहे, आणि तेव्हा एका सिस्टम कॉलच्या वाटेत हा ट्रॅम्पोलिन शेकडो वेळा चालू शकतो.

शिवाय जड वाटेचा, म्हणजे पूर्ण नोंदीचा, खर्च रजिस्टर्सच्या संख्येपेक्षा फ्लॅग्जमध्ये अधिक आहे. 'एफट्रेस_रेग्ज_कॉलर'ला सर्वांत आधी फ्लॅग्ज स्टॅकवर ढकलावे लागतात, कारण त्यापुढची स्टॅक पॉइंटरमधून वजाबाकी करणारी सूचनादेखील फ्लॅग्ज बदलून टाकते. परत जाताना ते पुन्हा चढवावे लागतात, आणि फ्लॅग्ज चढवणारी सूचना साध्या पॉपच्या तुलनेत बरीच महाग आहे, कारण इंटरप्ट चालू की बंद हा बिटही तिच्याच पोटात असतो. गंमत अशी की फंक्शनच्या प्रवेशाशी बेरीज-वजाबाकीच्या फ्लॅग्जना करारानुसार काहीही अर्थ नसतो. ते जपायचे ते केवळ 'पूर्ण' म्हटलेली नोंद खरोखर पूर्ण दिसावी म्हणून, आणि तीवर विसंबणारे केप्रोबसारखे (कर्नलमधील हव्या त्या सूचनेपाशी तेथली अवस्था पाहू देणारे) ग्राहक आहेत म्हणून.

फ्लोटिंग-पॉइंट आकड्यांची आणि व्हेक्टर रजिस्टर्स मात्र दोन्ही वाटांवर जपली जात नाहीत. कर्नलचा कोड ती न वापरण्याच्या अटीवरच कंपाइल होतो, त्यामुळे सी कॉलबॅक त्यांना चुकूनही स्पर्श करत नाही.

थोडा इतिहासही उपयोगी पडेल. एफट्रेस २००८ च्या ऑक्टोबरमध्ये २.६.२७ या आवृत्तीतून मुख्य कर्नलमध्ये आले, तेव्हा कॉलबॅकला फक्त फंक्शनचा पत्ता आणि त्याला बोलावणाऱ्याचा पत्ता मिळत असे. पूर्ण रजिस्टर्स देण्याची सोय नंतर आली. मग लक्षात आले की बहुतेक ग्राहकांना सगळी रजिस्टर्स नकोच असतात, त्यांना आर्ग्युमेंट्स हवी असतात, आणि ती तर साधा ट्रॅम्पोलिन एरवीही स्टॅकवर लिहितच होता. फक्त ती कॉलबॅकच्या हाती देण्याची रीत नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.११ मध्ये कॉलबॅकचा चौथा आर्ग्युमेंट 'पीटी_रेग्ज'ऐवजी 'एफट्रेस_रेग्ज' झाला, तो यासाठी. याचा सर्वाधिक फायदा लाइव्ह पॅचिंगला, म्हणजे चालू कर्नलमधील फंक्शन बदलणाऱ्या सोयीला, झाला. त्याला ट्रॅम्पोलिनचा परतीचा पत्ता बदलून नव्या फंक्शनकडे उडी मारायची असते, आरबीएक्सशी त्याला देणेघेणे नसते, त्यामुळे एक्स८६ वर त्याने जड वाट सोडून दिली.

अर्धविराम

आर्मच्या प्रश्नाकडे येतो. तेथील वजा २२ ही बिघाडाची नव्हे, धोरणाची खूण आहे.

६४-बिट आर्मवर 'पीटी_रेग्ज'मध्ये पीस्टेट नावाचे एक घर असते, ज्यात प्रोसेसरची अवस्था साठवलेली असते. एक्सेप्शन घडते तेव्हा हार्डवेअर ती अवस्था एका खास रजिस्टरमध्ये एकसंध उतरवून देते. साध्या फंक्शन-कॉलमधून ती तशी एका सूचनेत मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते आणि तरीही सगळे तुकडे हाती येत नाहीत. याचा अर्थ असा की ट्रॅम्पोलिनने भरलेले 'पूर्ण' पीटी_रेग्ज हे एका घरापुरते बनावट ठरते. आर्मच्या देखभालकर्त्यांनी ही बनवाबनवी थांबवली आणि ६.२ पासून केवळ आर्ग्युमेंट्सची वाट ठेवली. तेथील 'एफट्रेस_रेग्ज'मध्ये एक्स० ते एक्स८, फ्रेम पॉइंटर, लिंक रजिस्टर, स्टॅक पॉइंटर आणि प्रोग्राम काउंटर, अशा तेरा किमती असतात. त्यात 'पीटी_रेग्ज' नाहीच, त्यामुळे एक्स८६ वर तुम्ही केलेली चोरवाट तेथे कंपाइलच होणार नाही.

एक्स८६ देखील धुतल्या तांदळासारखा नाही. तेथील जड वाटेवर सीएस आणि एसएस यांच्या घरात ठरलेले स्थिरांक हातानेच लिहिले जातात. पण ते स्थिरांक कर्नलमध्ये खरेच असतात, एवढा फरक.

आर्मवर आणखी एक अडचण आहे. तेथे कॉलची सूचना परतीचा पत्ता स्टॅकवर न ठेवता एक्स३० मध्ये ठेवते, म्हणजे आपला कॉल घुसताच मूळ बोलावणाऱ्याचा पत्ता पुसला जाईल. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एकाऐवजी दोन रिकाम्या सूचना सोडलेल्या असतात. ट्रेसिंग चालू असताना पहिली सूचना एक्स३० ची किंमत एक्स९ मध्ये हलवते आणि दुसरी ट्रॅम्पोलिनला बोलावते. एक्स९ निवडले, कारण करारानुसार प्रवेशाच्या क्षणी त्यात जपण्याजोगे काही नसते. एक्स८६ वर हे दोन्ही पत्ते स्टॅकच्या माथ्यावर एकाखाली एक आयतेच मिळतात.

तुम्हाला आर्मवर सगळीच रजिस्टर्स हवी असतील, तर त्या फंक्शनवर केप्रोब लावा. तो तेथे ब्रेक सूचनेने एक्सेप्शन घडवतो, त्यामुळे मिळणारी नोंद अस्सल असते, मात्र प्रत्येक वेळी एक्सेप्शनचा खर्च येतो. आर्ग्युमेंट्सच पुरेशी असतील तर फ्लॅग काढून टाका आणि 'एफट्रेस_रेग्ज_गेट_आर्ग्युमेंट'ने ती मागा, म्हणजे एकच कोड दोन्हीकडे चालेल.

शून्याधारित

प्रवेशाबद्दल एवढे बोलणे झाले, पण एफट्रेसमधील फंक्शन-ग्राफ ट्रेसर फंक्शनच्या परतीच्या वेळीही मध्ये घुसतो. तेव्हा कोणती रजिस्टर्स जपायची?

अर्धविराम

परतीच्या क्षणी आर्ग्युमेंट्सची रजिस्टर्स मृत झालेली असतात आणि परत दिलेली किंमत तेवढी जिवंत असते. म्हणून एक्स८६-६४ वर आरएएक्स आणि आरडीएक्स जपतात, आणि आर्मवर एक्स० ते एक्स७. ६.५ पासून ग्राफ ट्रेसर ही परत आलेली किंमत छापूही शकतो. पण एखादे फंक्शन काहीच परत देत नसेल तरी तो आरएएक्समध्ये जे सापडेल ते छापतो, कारण फंक्शनचा प्रकार त्याला ठाऊक नसतो. तुमच्या आरबीएक्ससारखाच हा प्रकार आहे. रजिस्टरमध्ये किंमत नेहमीच असते, ती कोणाच्या वतीने आहे हे केवळ करार सांगतो.

काटकसर

याच्या उलट टोक बीपीएफच्या, म्हणजे कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या, ट्रॅम्पोलिनमध्ये पाहायला मिळते. तेथे प्रत्येक फंक्शनचा प्रकार बीटीएफ या कर्नलसोबतच्या प्रकार-माहितीतून आधीच कळलेला असतो, त्यामुळे दोन आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या फंक्शनसाठी दोनच रजिस्टर्स जपणारा तुकडा जागेवर तयार केला जातो. काटकसर याहून पुढे नेणे कठीण आहे.

उंबरठा

फ्लॅग काढून टाकला आहे आणि आर्ग्युमेंट्स वरील पद्धतीने घेतो आहे. आर्म बोर्डावर नोंदणी यशस्वी झाली.

एक्स८६ वर मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. फ्लॅग काढल्यावरही 'एफट्रेस_गेट_रेग्ज' मला नलऐवजी खरा पॉइंटर देत होते आणि आरबीएक्सही पटण्याजोगे होते. ट्रेसिंगच्या निर्देशिकेतील 'एनेबल्ड_फंक्शन्स' ही फाइल पाहिली, तर 'व्हीएफएस_रीड'च्या पुढे कंसात २ हा आकडा आणि त्यानंतर आर हे अक्षर होते. नोंदणी तर मी एकच केली होती.

जुना_स्टॅक

कंसातील २ म्हणजे त्या फंक्शनवर दोन ग्राहक आहेत, आणि आर म्हणजे त्यांपैकी किमान एकाने पूर्ण रजिस्टर्स मागितली आहेत. फंक्शनच्या आरंभी कॉल एकच असतो, त्यामुळे एकाने जड वाट मागितली की सर्वांना तिनेच जावे लागते, आणि मग पूर्ण नोंद तुमच्याही कॉलबॅकच्या हाती पडते. त्या यंत्रावर कोणी 'व्हीएफएस_रीड'च्या प्रवेशावर केप्रोब लावून ठेवला आहे का ते पाहा. एक्स८६ वर असा केप्रोब एक्सेप्शन न घडवता एफट्रेसच्याच वाटेने येतो.

उंबरठा

होय, सकाळी एका सहकाऱ्याने लावलेला केप्रोब तसाच राहिला होता. तो काढल्यावर कंसात १ उरला, आर गेले आणि 'एफट्रेस_गेट_रेग्ज'ने पुन्हा नल दिला. कॉलबॅकमध्ये त्या नलची तपासणी मी केलेलीच नव्हती. केप्रोब दिवसभर राहिला असता, तर चाचण्या उत्तीर्ण झाल्या असत्या आणि मॉड्यूल दुसऱ्या यंत्रावर पहिल्याच वाचनाला कोसळले असते. तपासणीची ओळ आता घातली आहे.